अकरा जणींचा चेहरा

नाशिकला व्यासपीठावर बसायचं आमंत्रण आलं की माणसाला आनंद होतो. भिमाबाई भोयेला ते नकोसं झालं.

उज्वला मॅडमचा फोन आला तेव्हा ती अंगणवाडीच्या मागे पोरांच्या खिचडीत मीठ टाकत होती. हरसूलपासून वर चढत गेलं की पन्नासेक घरांचा एक पाडा लागतो, तिथली ही अंगणवाडी. भिमाबाई तिथली सेविका, आणि उज्वला मॅडम तिच्यावरच्या पर्यवेक्षिका. पाड्यावर रेंज नाही, पण अंगणवाडीच्या मागच्या पायरीवर मान वाकडी करून उभं राहिलं तर कधीमधी एखादा फोन लागतो. नेमका हा लागला.

"भिमाबाई, तालुक्याचं नाव काढलंत तुम्ही!" मॅडम फोनवर नेहमी ओरडूनच बोलायच्या. "सगळ्या तालुक्यात फक्त तुमच्या केंद्राचे त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस चेहरे जुळतात. दर महिन्याला! बाकीच्या बायांचे निम्मे अडकतात. रविवारी नाशिकला व्याख्यान आहे, डिजिटल समतेवर. पुण्याचे महेश सर बोलणार आहेत. ॲप त्यांच्याच संस्थेचं. ते म्हणाले, त्या बाईंना बोलवाच."

"मी काय बोलू तिथं?"

"दोन शब्द हो. आणि मोबाईल आणा, चार्ज करून. सर तुमचं काम पडद्यावर दाखवणार आहेत."

पडद्यावर! मिठाची वाटी, चमचा, सगळं तिच्या हातात तसंच राहिलं. त्या दिवशीची खिचडी अळणी झाली, आणि एका पोरीने तोंड वेंगाडून तसं सांगितलंसुद्धा.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ही बाई एवढी का घाबरली ते कळेल.

दिवाळीनंतर हे नवं ॲप आलं. मुलाच्या आईने दर महिन्याला मोबाईलसमोर यायचं, चेहरा दाखवायचा, डोळे मिचकावायचे. हिरवी खूण आली की पोराचं पोषणाचं पाकीट द्यायचं. लाल आली तर परत पाठवायचं. त्यासाठी आधी एकदा प्रत्येकीचा चेहरा त्यात भरायचा होता, आणि तोही शुक्रवारी संध्याकाळच्या आत. जिचा भरला जाणार नाही तिच्या पोराचं नाव गळणार, असा आदेश. आणि आदेश काढणाऱ्यांनी दिवस तरी कुठले निवडावेत? भात कापून झाल्यावरचे! म्हणजे पाड्यावरच्या तरण्या बाया पोरांना म्हाताऱ्यांकडे सोडून दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर जातात, नेमके तेच. खुर्चीत बसून हे कसं कळणार म्हणा.

बत्तीस चेहरे भरले. अकरा राहिले. आजीला पुढे केलं तर ॲप वय बघून नको म्हणायचं, आईच हवी. शुक्रवारी दुपारी भिमाबाई रेंजसाठी टेकडीवर चढली. अकरा नावं लाल दिसत होती. पहिलंच नाव आशा हिरामण गावित. आशाचा पोरगा दोन वर्षांचा, हातापायांच्या नुसत्या काड्या. वजन करायला झोळीत घातला तरी काटा हलायला मागायचा नाही. मोबाईल चालतोय की बंद पडलाय ते बघावं म्हणून भिमाबाईने, उन्हासाठी डोक्यावर पदर घेतला होता तशीच, तो सहज स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला आणि डोळे मिचकावले.

हिरवी खूण. आशा हिरामण गावित, नोंद पूर्ण.

बाई गं! ती मट्‌कन खाली बसली. पुसायला गेली तर पुसायची सोयच नव्हती. थोडा वेळ तिने दिंडोरीच्या बाजूला बघितलं, जसं काही आशा तिथून दिसणारच होती. मग तिने दुसरं नाव उघडलं.

अकरा झाले. आणि मशीनला ओळखू येऊ नये म्हणून हिने काय काय केलं असेल? एकीसाठी डोक्यावर पदर, एकीसाठी मोठं कुंकू, एकीसाठी चष्मा, एकीसाठी केस मोकळे, आणि एकीसाठी तर चक्क गाल आत ओढून घेतले. मशीनला त्याचं काही नव्हतं, पण हिला वाटत होतं की आपण फार हुशारीने फसवतोय. तेव्हापासून दर महिन्याला टेकडीवर हाच खेळ. कुणाला पदर आणि कुणाला चष्मा हे ती चढताना घोकत जायची. मग खाली येऊन अकरा पाकिटं अकरा म्हाताऱ्यांच्या दारात नेऊन द्यायची. एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही. एक मूठ तिच्या घरी गेली नाही. पण हे पटवणार कुणाला? सरकारच्या नजरेत ती अकरा बायांच्या नावावर माल उचलणारी चोर होती. उघडं पडलं की नोकरी जाणार, ती जाणारच. अकरा पोरांची नावंही गळणार, आणि आशाच्या पोराचा काटा तर आत्ता कुठे हलायला लागला होता. शिमग्याला बाया परत येतील तेव्हा काहीतरी करू, अशी ती मनाची समजूत घालायची. शिमगा अजून तीन आठवडे लांब होता.

रविवारी सकाळी ती एसटीत बसली आणि नाशिक येईपर्यंत मनातल्या मनात मोबाईल चार वेळा मोडून झाला. पडला म्हणावं. पाण्यात गेला म्हणावं. सीबीएस स्टँडला उतरल्यावर तर तिला वाटलं, तसंच चालत गोदावरीवर जावं आणि टाकून द्यावा पुलावरून. पण मोबाईल सरकारी. तो हरवला की आणखी दहा प्रश्न. तिने तो पिशवीतल्या पातळाच्या घडीत आणखी खोल कोंबला.

गंगापूर रोडचं सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगांत निवृत्त मंडळी, फेब्रुवारी संपत आला तरी स्वेटर घालून. मागे कॉलेजची पोरं. मॅडम ठेवणीतली साडी नेसून दारातच उभ्या होत्या. भिमाबाईने त्यांचा हात धरला.

"मॅडम, मला एक सांगायचंय. आत्ताच्या आत्ता."

"नंतर हो, नंतर. आधी गुच्छ घ्यायचाय तुम्हाला."

"ते पडद्यावर नका दाखवू. माझं ऐका ना, ते चेहरे..."

"घाबरताय कशाला एवढ्या? मी आहे ना!" मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि पाहुण्यांकडे धावल्या.

महेश सर चांगला माणूस निघाला, हेच वाईट झालं. खेकसणारा असता तर त्याला फसवताना निदान बरं तरी वाटलं असतं. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला, स्वतः खुर्ची ओढून दिली, स्वतःच्या हाताने पाण्याची बाटली उघडून दिली. मग अगदी अदबीने तिचा मोबाईल मागून घेतला आणि वायर लावून पडद्याला जोडला.  भिमाबाईने बाटली तशीच खाली ठेवली.

भाषण सुरू झालं. तंत्रज्ञान शहराला आधी मिळतं आणि डोंगराला शेवटी, ही दरी आपल्याला बुजवायची आहे, असं सर सांगत होते. बोलत होते पोटतिडकीने, खोटं वाटत नव्हतं. "मशीन जात बघत नाही, शिक्षण बघत नाही, कपडे बघत नाही," ते म्हणाले. "फक्त माणूस बघतं." टाळ्या पडल्या. पडद्यावर उभ्या काठ्यांचं चित्र आलं, एकेका अंगणवाडीची एकेक काठी, आणि सगळ्यांत उंच काठी भिमाबाईची. पुन्हा टाळ्या. तिने उठून हात जोडले. चेहरे नाहीत, नुसत्या काठ्याच आहेत. देवा, एवढ्यावरच आटप रे बाबा. ती पुन्हा खुर्चीत बसली.

मग प्रश्न विचारायची वेळ झाली. पहिल्या रांगेतले एक आजोबा माईक घेऊन आधी आपल्या पेन्शनच्या ओटीपीबद्दल पाच मिनिटं भांडले. ते झाल्यावर शेजारच्या निवृत्त बाईंनी विचारलं, "पण जी आई कामाला परगावी गेली, तिने काय करायचं? मूल गावात, चेहरा भलतीकडेच."

"फारच चांगला प्रश्न!" सर खुलले. "एकदा चेहरा भरला की पुढे आई कुठल्याही अंगणवाडीच्या मोबाईलवर तो दाखवू शकते. नाशिकहून, मुंबईहून. इथे खूण हिरवी झाली की तिथे तिच्या घरी पाकीट. ह्यालाच मी समता म्हणतो."

"मी हाय की!" मागून आवाज आला.

 आवाज ओळखीचा होता.

शेवटच्या रांगेत आशा उभी होती. भिमाताईचा सत्कार आहे असं पाड्यावरून कळलं म्हणून मुकादमाच्या हातापाया पडून तिने अर्धा दिवस सुटी काढली होती आणि बागेवरच्या टेम्पोतून आली होती. डोक्याला रुमाल, बोटांना द्राक्षाच्या चिकाचे काळे डाग, आणि तोंडभर हसू. "मी भिमाताईच्या पाड्याची हाय. माझं पोरगं तिथंच हाय, सासूजवळ. बागंवर हाय मी. दावू का चेहरा?"

सभागृहाला ती फार आवडली. सगळे मागे वळून बघायला लागले. सर म्हणाले, "या, या! ह्याहून चांगलं उदाहरण कुठून आणू?"

आशा चढून वर आली. भिमाबाईकडे बघून लाजून हसली आणि हळूच म्हणाली, "लय भारी वाटतंय ना ताई?"  भिमाबाईने नुसती मान हलवली, नको नको अशी. आशाला वाटलं, ताईही लाजतेय.

सरांनी नाव उघडलं. पडद्यावर मोठ्ठ्या अक्षरात आलं: आशा हिरामण गावित. आशाने रुमाल काढला, केस सारखे केले, मोबाईलकडे बघितलं, डोळे मिचकावले.

लाल. चेहरा जुळला नाही.

"उजेड डोळ्यांवर येतोय," सर म्हणाले. "जरा इकडे वळा."

लाल.

तिसऱ्यांदाही लाल. चौकोनात आशाचा चेहरा दारापेक्षा मोठा दिसत होता, आणि खाली ते तीन शब्द, वाचणाऱ्याला लगेच वाचता येत होते. हसू अजून तिच्या ओठांवर होतं, पण आता कुणीतरी विसरून गेल्यासारखं.

"अवो, मीच हाय ना आशा," ती म्हणाली. "मीच हाय."

"बघा, असं दुसऱ्याच्या नावावर घुसतात," खालून कुणीतरी म्हणालं. फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. सरांनी खालच्या आवाजात विचारलं, "ताई, आधार कार्ड आहे का जवळ?" आधार कार्ड बागेवर, खोपटात, पत्र्याच्या पेटीत. आशाने भिमाबाईकडे बघितलं. "ताई, सांगा की ह्यांना. तुम्ही तर वळखता मला. माझं लगीन झालं तवापासून वळखता."

सगळं सभागृह भिमाबाईकडे बघायला लागलं. उज्वला मॅडमही.

आणि इथे भिमाबाईच्या डोक्यात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. ही कोण मला माहीत नाही, एवढं म्हटलं की सुटली! नोकरी राहिली, अकरा नावं राहिली, शिमग्यापर्यंत काहीतरी करता आलं असतं. फार तर आशाला दोन माणसांनी दाराबाहेर काढलं असतं. हे सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. भीती मात्र गेली नाही. 

ती उठली. सरांच्या हातातून मोबाईल घेतला. आशासाठी डोक्यावर पदर घ्यायचा, हे तिच्या हाताला पाठ होतं. तिने पदर घेतला, मोबाईल समोर धरला आणि डोळे मिचकावले.

हिरवी खूण. आशा हिरामण गावित. ओळख पटली.

 मॅडम मट्‌कन खुर्चीत बसल्या. कुणीतरी हसायला लागलं आणि गप्प झालं.

"अशा अकरा जणी हायेत," भिमाबाई म्हणाली. माईक नव्हता, तिचा आवाज चिरकला. "बाया बागंवर होत्या, तुमचा शुक्रवार आला. पोरांची नावं गळत होती. मी माझा चेहरा भरला. पाकिटं घरोघर पोचवली, म्हाताऱ्यांना विचारा. काय करायचं ते मला करा. पोरांची नावं काढू नका, पाया पडते."

सरांचा चेहरा पार उतरला होता. ते काही बोलणार, तेवढ्यात भिमाबाईच्या हातातला मोबाईल थरथरला आणि पडदा बदलला. एका नावावर दोन चेहरे आढळले. केंद्र बंद करण्यात आले आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत वाटप करू नये.

"म्हणजे अकरा नावं?" तिने विचारलं.

सर पडद्याकडे बघत होते. "नाही. पूर्ण केंद्र. त्रेचाळीस."

"अवो, बत्तीस तर खरी हायेत! उघडा ना ते."

"मला नाही उघडता येत. ते आपोआप होतं, ताई." त्यांनी दोनदा लॅपटॉपवर बोटं मारून बघितली. "मीच तसं करून ठेवलंय," ते म्हणाले, आणि हे मात्र ते स्वतःलाच सांगत होते.

खाली एकच गलका झाला. मॅडम फोन कानाला लावून बाहेर धावल्या. "भिमाबाई, इथून हलू नका! साहेब येताहेत!" असं ओरडून गेल्या.  क्षणभर भिमाबाईला वाटलं, बसावं इथेच, काय व्हायचं ते होऊ दे. मग तिला आठवलं की ह्या महिन्याची पाकिटं कालच आली आहेत, खोलीत थप्पी लावून ठेवली आहेत आणि उद्या वाटायची आहेत. उद्या तिथे सील असेल.

तिने मोबाईलची वायर उपटली आणि आशाचं मनगट धरलं. मागच्या दाराने दोघी बाहेर पडल्या आणि रिक्षाने सीबीएसला आल्या. हरसूलची गाडी लागलेलीच होती.

त्र्यंबक मागे पडलं. गाडीमागे जीप दिसली की भिमाबाई मान खाली घालायची. शेवटी आशा म्हणाली, "चार महिने मी म्हणजे तुम्हीच होता व्हय?"

"व्हय."

"मला सांगायचं तरी. तिथं समद्यांपुढं चोर झाले मी."

"चुकलंच माझं," भिमाबाई म्हणाली.  बऱ्याच वेळाने आशाने तिचा हात हातात घेतला. 

पाड्यावर पोचायला पाच वाजले. भिमाबाईने खोली उघडली, पोरांना बोलवायची थाळी काढली आणि बडव बडव बडवली. रविवारी थाळी कशाला म्हणून अख्खा पाडा धावत आला. तिने कुणालाही मोबाईल दाखवला नाही. नाव घ्यायची, पाकीट द्यायची, पुढची. म्हातारी असो, आई असो, आजोबा असो. बाया विचारत होत्या, आज चेहरा नाय का? ती म्हणायची, नाय, घे लवकर, घरी जा. इथे रेंज नाही हे तिला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं. खालच्या वळणावर मोटारसायकल वाजली की ती पाकीट देता देता थांबून ऐकायची. मोटारसायकल पुढे निघून जायची आणि ती पुढचं नाव घ्यायची.

शेवटी आली चिमणाबाई, आशाची सासू, कडेवर नातू घेऊन. आशाने हात पुढे केले. चार महिन्यांनी आई दिसली, तर पोरगं बावरून रडायलाच लागलं आणि आजीच्या खांद्यात घुसलं. आशा तिथेच हात पसरून उभी राहिली. "रडू दे, सवय मोडलीय," चिमणाबाई म्हणाली. तिने पाकीट काखेत मारलं आणि रिकाम्या खोलीत डोकावून बघितलं. आशाने रांगेतल्या बायांना सांगितलेलं नाशिकचं सगळं तिच्या कानावर आलं होतं, त्यातलं तिला एवढंच कळलं होतं की मोबाईल बंद झालाय.

"आन् फुडल्या म्हैन्याला, भिमा?"

सकाळपासून भिमाबाई घाबरली होती ती नोकरीला, पडद्याला, साहेबांना. ती भीती आता कुठल्या कुठे गेली. तिने पोराच्या पायाकडे बघितलं. पिंढरीवर आता कुठे जरा मांस धरलं होतं.

"मला नाय ठावं, चिमणाआई," ती म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली. खालच्या वळणावर जीपचा आवाज आला, आणि ह्या वेळी तो पुढे गेला नाही.